मिरजेत ऐकू येणारा सायरन

बाईंच्या घरात खिडकीखाली झोपायला बंदी होती. खोली भाड्यानं देताना त्यांची एवढी एकच अट. गाव कुठलं, जात कुठली, लग्न कधी करणार, यातलं काहीही त्यांनी मला विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, हातानं भिंत दाखवली आणि म्हणाल्या, "खाट हितं. खिडकीकडं सरकवायची न्हाई. उन्हाळ्यात लय उकडतंय, तरी न्हाई. कबूल?"

मी कबूल म्हटलं. खरं तर अटीकडे माझं लक्षच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत होते. दारातून वाकून यावं लागेल एवढी उंची, पांढरेशुभ्र केस, निळसर डोळे, अंगात फुलाफुलांचा गाऊन आणि तोंडात थेट साताऱ्याजवळच्या आमच्या मेढ्याकडची मराठी. खिडकीच्या प्रत्येक काचेवर कागदी चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या होत्या. मला वाटलं, काचा तडकल्या असतील.

मी तेव्हा नुकतीच मिरजेच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या नोकरीला लागले होते. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतलं हे दुमजली घर. खाली पूर्वी डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर, म्हणजे बाईंचे यजमान, जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. खाली बाई एकट्या, वर मी.

डॉक्टर कृष्णाकाठच्या एका गावचे, ऊसवाल्या घरातले. तरुणपणी डॉक्टरकी शिकायला खारकीवला गेले आणि कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं देणाऱ्या मुलीशी लग्न करून परत आले. त्या काळात तो सगळा मुलूख रशिया म्हणूनच ओळखला जायचा. गावानं पहिल्या दिवशी जे नाव ठेवलं तेच पुढं मिरजेतही आलं: रशियन बाई. बाई होत्या युक्रेनच्या, पोल्तावा नावाच्या शहरातल्या. दूधवाला असो, रिक्षावाला असो, नाहीतर सांगलीच्या पोलीस कचेरीत परदेशी लोकांची नोंद ठेवणारा हवालदार असो, बाई प्रत्येकाची चूक दुरुस्त करायच्या. भारताचं नागरिकत्व त्यांनी कधी घेतलं नव्हतं, त्यामुळं त्या कचेरीत त्यांना फाईल घेऊन जावंच लागायचं. एकदा मी सोबत होते. हवालदार लिहिता लिहिता म्हणाला, "युक्रेन म्हंजे रशियाच की वो."

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "सायब, तुमी सांगलीचं?"

"व्हय."

"तुमाला कुणी कर्नाटकातलं म्हटलं, घर बी आमचं, तुमी बी आमचं, तर चालंल?"

हवालदार हसला, पण त्यानं लिहिलेलं खोडलं.

ही मराठी त्यांना सासूनं शिकवली होती. सासूला त्या आत्याबाई म्हणायच्या. गोठ्यात आणि चुलीपुढं शिकलेली ती भाषा डॉक्टरांच्या शहरी मराठीनं कधी बदलली नाही. फक्त एक गोष्ट आत्याबाईंनाही जमली नाही. पाणी बाईंच्या लेखी शेवटपर्यंत बाईमाणूस राहिलं. त्यांच्या भाषेत ते तसंच आहे म्हणे. सकाळी नळ सुरू झाला की खालून हाक यायची, "पोरी, पाणी आली! भरून घे तिला!"

मी राहायला जाऊन आठवडा झाला असेल. रविवारची दुपार होती, मी जेवायला बसले होते. एकदम खालून भोंग्यासारखा आवाज सुरू झाला. खालवर होणारा. पाठोपाठ बाईंची हाक, "खाली ये! पळत ये!" मी उष्ट्या हातानं जिना उतरले. मला वाटलं गॅस पेटला.

दवाखान्याची जुनी खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधे एक बोळ होता. खिडकी नसलेला, अंधारा. तिथं बाई स्टुलावर बसलेल्या. दुसरं स्टूल माझ्यासाठी ठेवलेलं. मांडीवर फोन, त्यात हल्ल्याचा इशारा देणारं तिकडचं ॲप, आवाज त्यातूनच येत होता.

"बस."

"काय झालं?"

"पोल्तावात सायरन झाला."

"बाई, पण आपण मिरजेत आहोत."

"मला ठाव हाय आपण कुठं हाय ते. बस."

मी बसले. बाईंनी विणकाम हातात घेतलं आणि शांतपणे समजावलं. बाहेरून काही आलं की पहिली भिंत मार खाते. काचांचे तुकडे दुसऱ्या भिंतीवर अडतात. म्हणून आपण आणि बाहेर यांच्या मधे दोन भिंती पाहिजेत. पोल्तावाला त्यांची थोरली बहीण होती, एकटी, पाचव्या मजल्यावर. ती या क्षणी तिच्या घरातल्या अशाच बोळात बसली असणार. "ती तिथं एकटी बसती. मग मी हितं खुर्चीत कशी बसू? च्या पीत?"

पाऊण तासानं फोनमधून दुसरा, सौम्य आवाज आला. धोका टळला. बाईंनी लगेच नंबर लावला. पलीकडून एकच शब्द आला आणि फोन बंद झाला. "झिवा."

"म्हंजे जिवंत," बाई म्हणाल्या. "तुमचा जीव न्हाई का? तोच शब्द हाय. आत्याबाई म्हणायच्या जीव, तवा मला वाटायचं ह्यांनी आमची भाषा कुठं ऐकली."

मग त्यांनी सुया काढल्या आणि गेल्या पाऊण तासात विणलेलं सगळं उसवून टाकलं. मी बघतच राहिले. ते सैनिकांचे लोकरी मोजे होते. मिरजेच्या उन्हाळ्यात घामाघूम होऊन त्या ते विणायच्या आणि तिकडं शिकायला परत जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांबरोबर पाठवून द्यायच्या. पण सायरन चालू असताना विणलेले टाके त्या कधीच ठेवत नसत. "ह्यात भीती ग्येली. पोराच्या पायाला टोचंल," असं म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात ही गोष्ट हसत हसत सांगितली. महिन्याभरानं मला हसू येईनासं झालं. दिवसात दोनदा, कधी चारदा तो आवाज व्हायचा. मी ड्यूटीवर असले तरी कानात असायचा. मशीनचं बटण दाबताना ती बारीक शिट्टी वाजली की माझी नजर दोन भिंतींचा आडोसा शोधायची. माझा भाऊ फौजेत आहे. आमच्या आईनं फोन कधी बंद केला नाही, चार्जिंगला लावला तरी ती शेजारी बसून राहायची. त्याची मी किती चेष्टा केली होती. आता सुट्टीला घरी गेले की मी आईच्या शेजारी जाऊन बसायला लागले.

बाईंचा रविवार मात्र वेगळा असे. सांगली, कोल्हापूर आणि कऱ्हाडजवळचं मलकापूर, अशा तीन ठिकाणांहून तीन बायका त्यांच्याकडे यायच्या. तिघीही तिकडच्या, तिघींचेही नवरे तिकडं शिकून आलेले डॉक्टर. सगळा दिवस घर बिटाच्या वासानं भरून जायचं. बिटाचं लालभडक सूप, त्यावर साईचं दही. ईस्टरच्या आधी उकडलेल्या अंड्यांवर मेणानं नक्षी काढायच्या आणि कांद्याच्या सालीच्या नि हळदीच्या रंगात बुडवायच्या. पोल्तावाकडं पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्यानं भरतकाम करतात. ते बाई त्या तिघींना शिकवायच्या, आणि मलाही. "दिसत न्हाई, तर उपयोग काय?" मी एकदा विचारलं. बाईंनी कापड उजेडाकडं तिरकं धरलं. सगळी पानं, सगळी फुलं एकदम वर आली. "बघायला वाकाय लागतंय," त्या म्हणाल्या.

गल्लीच्या टोकाला तंबोरे बनवणारे एक वयस्कर कारागीर होते. बाईंनी त्यांच्याकडून आपल्या मुलखातलं एक वाद्य चित्रावरून करून घेतलं होतं. पन्नासहून जास्त तारा. मिरजेचा भोपळा आणि पोल्तावाचा आकार. मे महिन्यात ते कधीच सुरात राहायचं नाही. कारागीर चपला बाहेर काढून यायचे, तासभर खुंट्या पिळायचे, तार गुंजावी म्हणून घोडीवरची जवारी घासून बघायचे आणि हात जोडायचे. "बाई, ह्याला जवारी लावायची का माफी मागायची, तेच समजंना झालंय." बाई तसंच वाजवायच्या. चौघी गायच्या. गल्लीतली माणसं कामं थांबवून ऐकायची.

बाई नुसत्या प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. त्या कठोरही होत्या. पूर्वी या चौघी एकमेकींत रशियन बोलायच्या, तरुणपणी शिक्षण त्याच भाषेत झालेलं. रशियानं युद्ध सुरू केलं त्या दिवशी बाईंनी ती भाषा सोडली. नवऱ्याची जुनी प्रेमपत्रं रशियनमधली, तीही पेटीच्या तळाशी टाकली. घरात नियम झाला, बोलायचं तर युक्रेनची भाषा, नाहीतर मराठी. मलकापूरच्या बाईंना हे जमेना. त्यांचं गाव पार पूर्वेला, रशियाच्या फौजेनं घेतलेलं. त्यांची जन्माची बोलीच रशियन. एका रविवारी बोलता बोलता त्यांच्या तोंडून दोन-तीन वाक्यं गेली. बाईंनी चमचा खाली ठेवला आणि मराठीत म्हणाल्या, म्हणजे मलाही कळावं म्हणून, "ह्या घरात ती भाषा न्हाई. बोलायची असंल तर दार उघडं हाय."

मलकापूरच्या बाई उठल्या. "माझी आई त्याच भाषेत रडतीया," त्या म्हणाल्या. "ती तिकडं अडकली. फोनवर खरं काय ते बोलता येत न्हाई तिला. नुस्ती रडती. ते तरी मी ऐकू का नको?"

बाईंनी चमचा परत उचलला. मलकापूरच्या बाई पिशवी घेऊन निघून गेल्या आणि त्यानंतर चार-पाच महिने आल्या नाहीत. गाणाऱ्या तिघीच उरल्या.

त्या वर्षी दिवाळीत मी पहिल्यांदा बाईंना घाबरून रडताना बघितलं. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, गल्लीत सुतळी बॉम्ब लागले. बाई बोळात जाऊन भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, कानांवर हात. मी म्हणाले, "फटाके आहेत, बाई." त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय. अंगाला ठाव न्हाई." मी बाहेर जाऊन पोरांना सांगितलं. पोरं फटाके घेऊन मैदानात गेली. पण बाई तासभर तशाच उभ्या होत्या.

आणि मग तो दिवस. माझी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी साडेदहाला सायरन झाला, आम्ही बोळात बसलो. सव्वा अकराला धोका टळला. बाईंनी नंबर लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला. पाचव्यांदा लावला तेव्हा रिंगही वाजेना, फक्त एक बाई त्यांच्या भाषेत काहीतरी ठरलेलं वाक्य बोलायला लागली.

बाईंनी उसवायला घेतलेला मोजा हातात तसाच राहिला. त्या स्टुलावरून उठल्याच नाहीत. मी पाणी दिलं, घेतलं नाही. दुपारी फोनवर बातमी आली, पोल्तावात एका वस्तीवर क्षेपणास्त्र पडलं होतं. फोटोतली इमारत बाईंनी मोठी करून बघितली, बोटांनी मजले मोजले. "ही आमची न्हाई," म्हणाल्या. मग परत मोजले. "शेजारची हाय."

मी सांगलीला आणि कोल्हापूरला फोन केला. दोघी अडकल्या होत्या, उद्या येतो म्हणाल्या. मलकापूरला फोन करावा की नाही, मला समजेना. शेवटी न विचारता केला. झालेलं सांगितलं, तर पलीकडून नुसता फोन ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी दिवेलागणीला दारात मलकापूरच्या बाई उभ्या. एस.टी.त धुळीनं माखलेल्या, केस विस्कटलेले. चपला काढून त्या सरळ बोळात गेल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या. बाईंनी मान वर केली. मग बाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि मलकापूरच्या बाई एकदम ओंजळीत तोंड घेऊन रडायला लागल्या. बाई काय बोलल्या ते मला फार नंतर कळलं. त्यांनी नुसतं "आईला बरं हाय का?" एवढंच विचारलं होतं. रशियनमध्ये.

ती दोघींची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत चालली. मी रजा टाकली. भीती म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. ती ओरडत नाही. ती नळाखाली भांडं ठेवायला विसरते, चहात मीठ घालते, दार वाजलं की उठते आणि वाटेत थांबते. अकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. तिकडच्या हॉस्पिटलातली नर्स होती. बाईंनी ऐकलं, फोन खाली ठेवला आणि आम्हा दोघींना सांगितलं, "झिवा."

बहीण वाचली होती. बोळात बसली होती म्हणूनच वाचली. खिडकीकडची खोली राहिली नव्हती. पण धमाक्यानं तिचे दोन्ही कान गेले. आता काही ऐकू येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बाईंनी तिला मिरजेला बोलावलं. किती विनवण्या केल्या, चिठ्ठीवर लिहून त्या नर्सच्या फोनवर फोटो पाठवले. बहीण येईना. तिथं नवऱ्याला पुरलं होतं, तिथं तिचं घर होतं. घराला तिनं प्लायवूडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि परत पाचव्या मजल्यावर राहायला गेली. शेजारचे लोक केव्हाच पोलंडला निघून गेले होते. आता सायरन झाला की तिला उठवणार कोण? तिचा चांगला फोन फुटला होता. एका ओळखीच्यानं बटणांचा साधा फोन दिला होता, त्यात ते ॲप चालत नव्हतं.

हे सगळं लक्षात आलं तेव्हा बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, आपल्याकडं मिस कॉल देत्यात न्हाई का?"

मग मेसेज पाठवून असं ठरलं. बहीण झोपताना तो फोन मनगटाला रुमालानं बांधायची. पोल्तावाला सायरन झाला की मिरजेहून फोन लावायचा. हाताला थरथर झाली की तिनं उठायचं, बोळात जाऊन बसायचं आणि तिथून फोन कट करायचा. फोन कट झाला म्हणजे ती दोन भिंतींच्या आत पोचली. ॲपचा दुसरा फोन घेऊन देऊ, असं मी म्हणून बघितलं. बाईंनी मान हलवली. "ॲप एकदा वाजून गप बसतंय. मी गप बसणार न्हाई."

तोपर्यंत गल्ली ज्याला बाईंचं खूळ म्हणत होती, ते आता एका माणसाच्या जिवावरचं काम झालं. आणि ते एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. तिकडचे हल्ले त्यांच्या रात्री व्हायचे, म्हणजे आपल्या पहाटे आणि सकाळी. पहिल्या दोन आठवड्यांत बाई झोपल्याच नाहीत. तोल जाऊन मोरीत पडल्या, कपाळाला टाके पडले. तेव्हा मलकापूरच्या बाईंनी सगळ्यांच्या फोनवर ते ॲप घालून पाळ्या लावल्या. सांगली, कोल्हापूर, मलकापूर, बाई. पहाटे चार ते सात कुणाला द्यायचे, तर मी म्हणाले, मी घेते.

त्या तीन तासांची मला किती धास्ती वाटायची ते आजही नीट सांगता येत नाही. फोन उशाला, डोळे सताड उघडे. आवाज झाला की बोटं चुकायची. नंबर लावायचा आणि मोजायचं. एक रिंग, दोन, तीन. साधारण पंधराव्या-सोळाव्या रिंगला फोन कट व्हायचा आणि माझा श्वास सुटायचा. बाईंच्या बहिणीला मी कधी बघितलेलं नव्हतं. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता. तरी पहाटेच्या अंधारात आम्ही दोघी एका दोरीला बांधलेल्या असायचो.

वर्षभर हे चाललं. मग एका पहाटे पाचच्या सुमाराला सायरन झाला, मी फोन लावला, आणि कट होण्याऐवजी तो उचलला गेला. पलीकडून आवाज आला. स्वतःला ऐकू येत नसलेल्या माणसाचा असतो तसा, मोठा आणि सपाट. त्या काहीतरी बोलल्या, दोनदा बोलल्या आणि फोन ठेवला. मी घाईघाईनं तळहातावर पेनानं लिहून घेतलं, ऐकू आलं तसं: या ने पिदू. दाय पोस्पाती.

मला अर्थ कळला नाही. पण तो आवाज उठून बसलेल्या माणसाचा नव्हता. मी परत फोन लावला. उचलला नाही, कट केला नाही. परत लावला. मी मराठीत बोलत होते, "उठा वो, उठा, आवं उठा," बहिऱ्या माणसाला, न उचललेल्या फोनवर. सतरा वेळा लावला. सतराव्या वेळी कट झाला. पण तो बोळातून झाला की वैतागून, ते कळायला मार्ग नव्हता.

मी खाली जाऊन बाईंना उठवलं आणि तळहात पुढं केला. बाईंनी चष्मा लावून वाचलं. माझं देवनागरीतलं त्यांच्या बहिणीचं बोलणं. ओठ हलवून हळूच म्हणून बघितलं. मग माझा हात धरून ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"मी जाणार न्हाई, म्हणाली. झोपू दे."

पोल्तावाला त्या दिवशी काही पडलं नाही. सहाला धोका टळला. पण बाई मात्र तशाच बसून राहिल्या. उजाडल्यावर म्हणाल्या, "ती दमली, पोरी. दमल्यालं माणूस फोननं उठत न्हाई. हाताला धरून उठवाय लागतंय."

पंधरा दिवसांत त्यांनी तिकीट काढलं. सगळ्यांनी समजावलं. सांगलीच्या बाई ओरडल्या, कोल्हापूरच्या बाई रडल्या. तंबोरेवाले कारागीर येऊन म्हणाले, "बाई, माणसं तिकडनं पळून यायला लागल्यात, तुमी उलट्या कुठं निघालाय?" वय चौसष्ट, कपाळावर टाक्यांची खूण, साखरेच्या गोळ्या चालू. बाई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या आणि बॅग भरत होत्या. हळद, शेंगदाण्याची चटणी, मोज्यांचे बावीस जोड.

आदल्या संध्याकाळी मी विचारलं, "तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटतिया की. लय वाटतिया." त्या बॅगेवर गुडघा ठेवून चेन ओढत होत्या. "पन हितं बसून जास्ती वाटती. तिथं मला दिसंल तरी ती."

सकाळच्या गाडीनं निघाल्या. मिरज स्टेशनवर मी बॅग डब्यात चढवून दिली. गाडी हलताना बाई दारात उभ्या राहून ओरडल्या, "खाट सरकवायची न्हाई!" डब्यातली माणसं हसली. कऱ्हाडला मलकापूरच्या बाई डबा घेऊन चढल्या आणि मुंबईपर्यंत सोबत गेल्या. विमानतळावर दोघींनी शेवटचं बोलून घेतलं. कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही.

बाईंना पोल्तावाला पोचायला पाच दिवस लागले. विमानानं पोलंड, मग रेल्वे, मग बस, मग परत रेल्वे. पोचल्याचा निरोप आला. त्यानंतर तीन दिवस काही नाही. आमच्या पाळ्या बंद करा असं कुणीच कुणाला म्हटलं नव्हतं. माझ्या पाळीला चौथ्या पहाटे सायरन झाला. आता तिथं बाई आहेत, फोन लावायची गरज नाही, हे मला माहीत होतं. तरी बोटांनी नंबर लावला.

दुसऱ्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आगं उठलोय आमी!" बाई ओरडत होत्या. "दोघी बी बोळात हाय! तिला धरून बसली मी. तू झोप, तुला ड्यूटी हाय न्हवं? ठेव फोन!"

त्यांच्या आवाजाच्या मागं सायरन वाजत होता. दोन वर्षं मी तो ॲपमधून ऐकत आले होते, खोलीभर मावेल एवढा. हा खरा होता. शहराच्या एका टोकाकडून सुरू होऊन दुसऱ्या टोकाकडं जाणारा, मधेच दबणारा, परत वर येणारा. त्याच्या खाली, अगदी जवळून, कुणीतरी मोठ्या सपाट आवाजात काहीतरी पुटपुटत होतं. प्रार्थना असेल. आजवर मी जिला भीती म्हणत होते, ती या आवाजाची नुसती सावली होती.

"ठेवलास का?" बाईंनी विचारलं.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकतीयास?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. "मग ऱ्हाऊ दे जरा."

मी फोन कानाला धरून बसले. खिडकीबाहेर मिरजेत उजाडत होतं, आणि आम्ही तिघी धोका टळायची वाट बघत होतो.